कागद आणि पत्रा : जुन्या फॅक्टरी रॅली गाड्यांची ओळखपरीक्षा

मोटार कंपनीने आपल्या स्पर्धा विभागात बांधून आपल्याच चालकांच्या हाती दिलेल्या रॅली गाडीला ‘वर्क्स कार’ म्हणतात. अशी गाडी विक्रीला येते तेव्हा तिचे मोल मुख्यतः तिच्या सिद्ध होणाऱ्या इतिहासावर ठरते, कारण त्याच मॉडेलच्या हजारो साध्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या असतात आणि त्यांतल्या एखादीला हुबेहूब तसे रूप देणे कुशल कारागिराला अवघड नसते.

खरी अडचण मात्र नकलेची नाही. अस्सल गाडीही क्वचितच एकसंध राहिलेली असते. पॅडी हॉपकर्कने १९६४ची माँटे कार्लो रॅली जिंकली ती मिनी ज्या ॲबिंग्डनच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) स्पर्धा विभागात तयार झाली, तिथे रॅलीत चेपलेले बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा मूळ सांगाडा, टाकून नव्या शेलवर जुनीच नंबरप्लेट चढवण्याची रीत होती. परिणामी कागदपत्रे एका गाडीकडे आणि मूळ पत्रा दुसरीकडे, अशी फाटाफूट होऊन एकाच नंबरावर दोघांचा दावा उभा राहू शकतो.

इमारतीच्या बाबतीत अशी फाटाफूट सहसा होत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधला गेला, असे तिथला शिलालेख सांगतो, आणि तो लेख वास्तूपासून सुटा झालेला नसल्याने त्याची साक्ष भक्कम ठरते. मोटारीवरची चासी नंबरची पट्टी मात्र दोन रिव्हेट काढताच दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते. म्हणून जाणकार एकट्या पट्टीवर विसंबत नाहीत.

ते आधी तिऱ्हाइताने त्या वेळीच केलेल्या नोंदी शोधतात. १९६८ची लंडन–सिडनी मॅरेथॉन या दृष्टीने फार उपयोगी आहे, कारण तिचा आशियातला टप्पा मुंबईत संपला होता. लंडनहून निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईला पोहोचल्या आणि पुढचा प्रवास त्यांनी ‘चुसान’ या जहाजाने फ्रीमँटलपर्यंत केला. मुंबईत रॉजर क्लार्कची लोटस कोर्टिना आघाडीवर होती, तर शेवटी अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर जिंकली. त्या शर्यतीत धावल्याचा दावा करणाऱ्या गाडीला प्रवेशयादी, तपासणीच्या नोंदी, जहाजावरची चढउतार आणि वृत्तपत्रांतली छायाचित्रे या साऱ्यांशी जुळावे लागते, आणि विक्रेत्याने रचलेली कथा यांतल्या एखाद्या तरी ठिकाणी अडखळण्याची शक्यता बरीच असते.

यानंतर पत्र्याची पाळी येते. रॅलीसाठी सांध्यांवर वाढवलेली वेल्डिंग, सस्पेन्शनच्या जागी लावलेले जाड पत्रे, जादा दिव्यांच्या वायरींसाठी पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोके, रंगाचे एकाखाली एक थर, हे सगळे त्या काळच्या छायाचित्रांशी ताडून पाहतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या मेकॅनिकने घाईत वाकडे पाडलेले भोक छायाचित्रात त्याच जागी दिसावे, याहून बोलका पुरावा नाही. आणि म्हणूनच जीर्णोद्धाराच्या नावाखाली असे पत्रे घासून गुळगुळीत करणे हे इतिहासाचे मोठे नुकसान आहे.

एफआयए ही आंतरराष्ट्रीय संस्था ऐतिहासिक स्पर्धांसाठी जो तांत्रिक पासपोर्ट देते, त्याचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. गाडीची रचना त्या काळच्या होमोलोगेशनला, म्हणजे स्पर्धेसाठी मान्य झालेल्या तपशिलाला, धरून आहे एवढेच तो सांगतो. तीच गाडी अमुक रॅलीत धावली याची हमी तो देत नाही, तरी जाहिरातींत तो अस्सलपणाचा दाखला म्हणून मिरवला जातो.

भारतात २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा स्वतंत्र नंबर दिला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडीशेल वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. वर्क्स कारमध्ये हे फेरफार खुद्द कारखान्यानेच केलेले असतात आणि तेच तिचे मूळ स्वरूप असते. अट शब्दशः लावली तर इतिहास सिद्ध झालेली रॅली गाडी नाकारली जाऊ शकते आणि तिची कधीही न धावलेली साधी बहीण मान्य होऊ शकते. तेव्हा कारखान्याच्या स्पर्धा विभागाने केलेले, कागदपत्रांनी सिद्ध होणारे फेरफार या अटीतून वगळणारी तरतूद नियमांत असायला हवी.