वास्तू आपली, कागद कोणाच्या नावावर?

परमपूज्य बाबासाहेबांच्या स्मृती जपणारी प्रत्येक वास्तू आपल्यासाठी प्रेरणास्थान आहे. परंतु नुसत्या श्रद्धेने वास्तू वाचत नाही. लंडनच्या घराचा इतिहास समाजबांधवांनी याच दृष्टीने समजून घ्यावा.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब १०, किंग हेन्रीज रोड येथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. त्याच वर्षी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटनही झाले. पण कागदोपत्री ते राहते घरच होते! स्मारक म्हणून वापर बदलण्याची परवानगी तेथील कॅम्डेन कौन्सिलने २०१८ मध्ये नाकारली, कारण निवासी जागा कमी होत होती. शासनाला अपील करावे लागले. २०१९ मध्ये सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. स्मारक वाचले ते कायद्याच्या लढाईने.

उलट दादरला काय झाले? २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसची वास्तू पाडली गेली. ट्रस्ट कोणाचा, हा वाद होताच. जुलैमध्ये समाज प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरला, पण ऐतिहासिक वास्तू परत आली नाही.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे वळू. धम्मदीक्षेनंतर आपल्या आईवडिलांनी मजुरीतून वर्गणी काढून गावोगावी विहारे उभारली. आज त्यांच्या जीर्णोद्धाराचे ठराव होत आहेत. आमचे सांगणे एवढेच, की पावतीपुस्तक छापण्याआधी कागद तपासा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरील नोंद करआकारणीची असते. तो मालकीचा पुरावा नव्हे. जागा गावठाणात आहे की गायरानात? गायरानात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंग निकाल आडवा येऊ शकतो. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे तो सांगतो. मात्र भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती आणि सार्वजनिक सोयींसाठी त्यात अपवादाची वाटही आहे. ती अर्ज करणाऱ्यालाच सापडते.

ट्रस्ट नोंदलेला असेल, तर मयत विश्वस्तांची नावे अजून तशीच आहेत काय? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. हे कलम आपले संरक्षण आहे. पण विहाराची जागा ट्रस्टच्या मालमत्तेत नोंदलेली असेल तरच.

बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याचे शस्त्र दिले. प्रत्येक विहार समितीने येत्या पौर्णिमेच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा: आपली कागदपत्रे कोठे आहेत?

जय भीम!