स्थानिक निवडणुकीतील उमेदवारीची पात्रता : वय व रहिवास

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत व नगरपरिषद या संस्थांच्या निवडणुकीस उभे राहण्यासाठी उमेदवाराचे वय आणि त्याचा रहिवास यांविषयी कायद्याने घातलेल्या अटी. यांपैकी वयाची अट कायद्यात स्पष्ट शब्दांत आलेली आहे. रहिवासाची अट मात्र उमेदवारीच्या कलमात स्वतंत्रपणे सांगितलेली नाही. ती मतदार यादीच्या द्वारे येते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत, जेथे घरे सह्याद्रीच्या उतारावरील वाड्यांत आणि कर्ती माणसे बहुधा मुंबईत असतात, तेथे या फरकाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

स्थानिक संस्थेत कोणी बसावे, या प्रश्नाचे गांभीर्य महाडला फार पूर्वी प्रत्ययास आले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयी सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केल्यानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हा वाद न्यायालयात गेला व १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. त्या काळी नगरपालिकांचा मताधिकार मालमत्ता, कर यांसारख्या अटींनी मर्यादित असे. तळ्याच्या पाण्यावर ज्यांचा हक्क नाकारला गेला, त्यांना तो देणाऱ्या वा काढून घेणाऱ्या सभागृहात शिरण्याची वाटही त्यामुळे अरुंद होती. स्वातंत्र्योत्तर काळात प्रौढ मताधिकाराने ही अट गेली. आता उरल्या त्या मुख्यतः वय, रहिवास व काही अनर्हता.

वयाची अट : भारतीय संविधानाच्या १७३ व्या अनुच्छेदानुसार विधानसभेच्या उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे असावे लागते. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी (अंमल १९९३) पंचायती व नगरपालिका यांना संविधानात स्थान मिळाले, तेव्हा विधिमंडळाच्या निवडणुकीस जो अनर्ह तो पंचायतीसही अनर्ह, असे सूत्र ठेवण्यात आले. ते जसेच्या तसे लागू केले असते, तर पंचविशीच्या आतील सर्वच तरुण बाद झाले असते. म्हणून २१ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस केवळ २५ हून कमी वयाच्या कारणाने अनर्ह ठरविता येणार नाही, असा अपवाद अनुच्छेद २४३-च व २४३-फ यांत जोडण्यात आला. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत अधिनियम (१९५८), जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम (१९६१) आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींचा अधिनियम (१९६५) या तिन्ही कायद्यांत २१ वर्षांचीच अट आहे. वय मोजले जाते ते नामनिर्देशनपत्रे सादर करण्याच्या अखेरच्या दिवशी. मतदानाच्या दिवशी नव्हे. शाळा सोडल्याचा दाखला अथवा जन्मनोंदीचा उतारा हा त्याचा नेहमीचा पुरावा होय.

मतदाराचे वय मात्र १८ आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते २१ वरून १८ वर आणण्यात आले आणि मत देण्याचे वय व पंचायतीस उभे राहण्याचे वय यांत तीन वर्षांचे अंतर पडले. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असल्याने हे अंतर वरवर दिसते त्याहून मोठे ठरते. निवडणुकीच्या वेळी विशीत असलेल्या तरुणाला, मधे पोटनिवडणूक न आल्यास, पुढील संधी पंचविशीत मिळते. म्हणजे विधानसभेचे दारही त्याला त्याच सुमारास उघडते. इंग्लंडमध्ये उमेदवाराचे वय २००६ च्या कायद्याने २१ वरून १८ करण्यात आले. भारतात गावचा कारभार हीच लोकशाहीची पहिली शाळा मानली जात असताना तिचा उंबरठा २१ वर ठेवण्याचे सबळ कारण आढळत नाही.

रहिवासाची अट : उमेदवाराने गावात अमुक वर्षे राहिलेले असावे, अशी अट महाराष्ट्रातील कायद्यांत नाही. त्याचे नाव मतदार यादीत असले म्हणजे पुरे. ही यादी किती विस्तृत क्षेत्राची, हे संस्थेच्या व्याप्तीनुसार ठरते. लोकसभेसाठी सर्वसाधारणपणे देशातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार उभा राहू शकतो, तर विधानसभेसाठी राज्यातील. जिल्हा परिषदेला जिल्ह्यातील, पंचायत समितीला तालुक्यातील आणि ग्रामपंचायतीला त्या गावच्याच यादीत नाव लागते. गावातील प्रभाग मात्र कोणताही चालतो. राज्यसभेसाठी तर संबंधित राज्यातील मतदार असण्याची अटही २००३ मध्ये काढून टाकण्यात आली व सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, कुलदीप नायर यांच्या याचिकेवरील निकालात, ती दुरुस्ती वैध ठरविली. रहिवासाला खरा अर्थ उरला आहे तो गावपातळीवरच.

स्थानिक संस्थांची यादी निराळी तयार केली जात नाही. विधानसभेची यादी घेऊन राज्य निवडणूक आयोग (स्थापना १९९४) तिचे प्रभागवार विभाजन करवितो. महाड व पोलादपूर हे दोन्ही तालुके महाड विधानसभा मतदारसंघात येतात. त्या यादीत नाव येण्यासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० अन्वये व्यक्ती त्या मतदारसंघात ‘सामान्यतः रहिवासी’ असावी लागते. या संज्ञेचा उलगडा कायद्याने दोन बाजूंनी केला आहे. एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. उलटपक्षी, तात्पुरता बाहेर गेल्यामुळे कोणाचा रहिवास संपतही नाही. एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदविण्यास मनाई आहे आणि नोंदणीसाठी खोटे निवेदन करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

चाकरमान्यांच्या बाबतीत नेमका येथेच पेच पडतो. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतील गृहस्थ वर्षातील बहुतेक दिवस मुंबईत काढतो, शिमग्याला व गणपतीला गावी येतो, घराची पट्टी भरतो, गावकीच्या कामाला वर्गणी देतो. गावकीच्या दृष्टीने तो गावचाच आहे. कायद्याच्या दृष्टीने पट्टी व वर्गणी यांनी काहीच सिद्ध होत नाही. तो मुंबईला तात्पुरता गेला आहे की तेथे स्थिरावला आहे, हे पाहावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या ये-जेला ‘तात्पुरती’ म्हणावे काय, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत मिळत नाही. त्यात एक-एक गट ग्रामपंचायत अनेक वाड्यांची आणि मतदार थोडे. अशा ठिकाणी मुंबईकरांची थोडी नावे यादीत राहिली वा वगळली गेली, तरी प्रभागाचा निकाल बदलू शकतो. तेव्हा या नावांवरून होणारी भांडणे केवळ भाऊबंदकीची नसतात.

विवाहित स्त्रियांची अडचण याच्या उलट असते. राज्यात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. लग्न होऊन गावात आलेली तरुणी प्रत्यक्षात तेथेच राहते, परंतु तिचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीत राहिलेले असते. शिवाय दाखल्यावर एक नाव व यादीत दुसरे, असाही घोळ असतो. वय बसते, रहिवास आहे, पण नमुना ८ वेळेवर न भरल्यामुळे उमेदवारी करता येत नाही.

वेळेचा हा मुद्दा निर्णायक आहे. आयोगाने ठरविलेल्या दिनांकास अस्तित्वात असलेली विधानसभेची यादीच घेतली जाते. प्रभागवार प्रारूप यादीवर हरकती मागविल्या जातात, त्या मुख्यत्वे प्रभाग चुकल्याच्या वा लेखनातील चुकांच्या असतात. नवे नाव घालणे किंवा रहिवासी नाही म्हणून नाव काढणे हे त्या टप्प्यावर होत नाही. ते विधानसभेच्या यादीत आधीच, नमुना ६ व ७ भरून करून घ्यावे लागते. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता, २०२१ च्या दुरुस्तीनंतर वर्षात चार झाले. छाननीच्या दिवशी ‘हा मुंबईला राहतो’ अशी हरकत घेतली, तर निवडणूक निर्णय अधिकारी यादीकडेच बोट दाखवितो. यादीतील नोंद रहिवासापुरती अंतिम मानावी, निवडणूक याचिकेत तिची फेरतपासणी करू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने हरिप्रसाद त्रिवेदी वि. व्ही. बी. राजू या प्रकरणात १९७३ मध्ये घेतली. ग्रामपंचायतीच्या निकालाविरुद्ध १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे दाद मागता येते खरी. परंतु वयाचा वाद तेथे जितका उपयोगी पडतो, तितका रहिवासाचा पडत नाही.

निवडून आल्यानंतर मात्र रहिवासाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ४० व्या कलमानुसार पंचायतीची रजा न घेता सलग चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहणाऱ्या किंवा सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे पद रिकामे होते. उभे राहताना न विचारलेला प्रश्न कायदा असा नंतर विचारतो. इंग्लंडच्या १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याची पद्धत याहून मोकळी आहे. तेथे मतदार असणे, त्या क्षेत्रात १२ महिने राहणे, तेथे घर वा जमीन धारण करणे किंवा मुख्य कामधंदा तेथे असणे, यांपैकी एक बाब पुरते. पॅरिश या सर्वांत लहान घटकासाठी तर तीन मैलांच्या आत राहणेही चालते. हा नियम कोकणास लावला, तर गावी घर असलेले बहुतेक चाकरमानी पात्र ठरतील. पण मग पाणी, रस्ता व शाळा यांची झळ रोज सोसणाऱ्यांचा कारभार दूर राहणाऱ्यांच्या हाती जाण्याचा धोकाही वाढेल.

रहिवासाच्या व्याख्येतील ‘तात्पुरते बाहेर जाणे’ या शब्दांना आपत्तीच्या वेळी वेगळेच मोल येते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. वाचलेल्यांपैकी अनेकांना घर सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. अशा कुटुंबांचे घर उरले नाही, तरी तेवढ्यावरून यादीतील त्यांचे नाव जात नाही. ते टिकते तोवर त्यांना मत देता येते, आणि पुनर्वसनाचे निर्णय ज्या पंचायतीपुढे येतात तिच्या निवडणुकीस उभेही राहता येते.