जखम पायाला, गाठ जांघेत!
लसीका संस्थेचा अहोरात्र पहारा

पायाला काटा रुतून जखम चिघळली, की दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ उठते. घरोघरी तिला ‘अवधाण’ म्हणतात. जखम पायाला असताना गाठ जांघेत का येते, याचे उत्तर लसीका संस्थेत दडलेले आहे. शरीरातील जादा द्रवाचा निचरा करणारी ही संस्था त्याच वाटेवर रोगजंतूंची झडतीही घेते.

सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून पाझरलेला द्रव पेशींभोवती साचतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात सोडण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. या द्रवाला लसीका म्हणजेच लिम्फ म्हणतात. दिवसाकाठी असा काही लिटर द्रव परत फिरतो. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासोच्छ्वास यांच्या जोरावर लसीका पुढे सरकते. झडपा तिला मागे येऊ देत नाहीत.

तपासणी नाकी

या मार्गावर सुमारे ५०० ते ७०० लसीका ग्रंथी आहेत. मान, काख, जांघ आणि पोटात त्या दाटीने असतात. जखमेतून शिरलेल्या जंतूंचे अंश काही पेशी उचलून जवळच्या ग्रंथीत आणतात. तेथे त्या जंतूला नेमकी ओळखणारी लसीकापेशी सापडली, की तिची झपाट्याने वाढ होते. ‘बी’ पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात, तर ‘टी’ पेशी बाधित पेशींचा नाश करतात. ही लगबग म्हणजेच सुजलेली गाठ! पुढे काही पेशी त्या जंतूची स्मृती जपतात. लसीकरणाचा पाया हाच आहे.

बहुतेक गाठी संसर्गाबरोबर ओसरतात. मात्र गाठ दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकली, टणक लागली किंवा सोबत ताप आणि वजनातील घट असेल, तर डॉक्टरांकडे जावे. यामागे क्षयरोग किंवा क्वचित कर्करोगही असू शकतो.

निचरा तुंबला तर...

ही संस्था बिघडल्यावर काय होते, हे विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा आदी जिल्ह्यांना हत्तीरोगाने दाखवून दिले आहे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामार्फत शरीरात गेलेले कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. वाहिन्या निकामी होतात आणि द्रव साचून पाय सुजतो. पण हानी केवळ सुजेपुरती नसते. लसीकेचा प्रवाह मंदावल्याने त्या भागातील पहाराही ढिला पडतो. बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून जिवाणू सहज शिरतात. रुग्णाला वारंवार येणारा ताप आणि पायाची आग बहुधा या जिवाणूंमुळे असते. अशा प्रत्येक संसर्गाने वाहिन्या आणखी खराब होतात.

सामूहिक औषधोपचार मोहिमेतील गोळ्या रक्तातील सूक्ष्म कृमी मारून रोगाचा प्रसार रोखतात. परंतु जुनी सूज त्यांनी पूर्ववत होत नाही. भारताने हत्तीरोग निर्मूलनासाठी २०२७ हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांच्यासाठी मात्र रोजची निगा हेच मोठे औषध ठरते. पाय साबण-पाण्याने धुऊन बेचक्यांसह कोरडा करावा, बसताना उंचावर ठेवावा, घोट्याचा व्यायाम करावा आणि भेगांवर वेळीच उपचार घ्यावेत. शरीराचा पहारा जेथे ढिला पडला, तेथे एवढी दक्षता तरी रुग्णाच्या हाती असते.