कुंदगोळच्या वाड्यातले दोन गळे

माणूस ओळखायचा कशावरून? चेहऱ्यावरून, चालीवरून, आवाजावरून, असे आपण बेधडक सांगतो. आमच्या हुबळी-धारवाडकडे मात्र या ठोकताळ्याची पुरती फजिती करणारी एक गुरू-शिष्येची जोडी होऊन गेली.

गुरू रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२). हुबळीजवळचे कुंदगोळ म्हणजे जमखंडीकर पटवर्धनांच्या संस्थानातले गाव; तिथल्या नाडगीरांच्या वाड्याच्या आश्रयाने हा मुलगा वाढला. गळा मुळात गोड नव्हे. वयात येताना तर तो जाड आणि हट्टी झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत रामभाऊंनी तो घासून घासून वळवला. तरीही मैफलीत सुरुवातीचा बराच वेळ आवाज लागत नसे, आणि जाणकार निमूटपणे वाट पाहत. याच पुरुषाने लुगडे नेसून मराठी रंगभूमीवर सुभद्रा उभी केली, तेव्हा दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले. म्हणजे बालगंधर्वांहूनही सव्वापट. घरी कानडी बोलणारा पुरुष मराठी नायिका झाला, आणि कुणालाही त्यात वावगे वाटले नाही.

शिष्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९). संध्याकाळच्या गाडीने हुबळीहून कुंदगोळला जायचे, शिकायचे, रात्री परतायचे, असा त्यांचा क्रम. भीमसेन जोशी तेव्हा त्याच वाड्यात विद्यार्थी होते. बाईंची अंगकाठी लहानखुरी. कलकत्त्याच्या संगीत परिषदेत तर ही बारीकशी मुलगी गाणार तरी काय, अशी शंका येऊन संयोजकांनी आदल्या रात्रीच त्यांना गाऊन दाखवायला लावले होते! जन्माची चिठ्ठीही कपाळी चिकटलेलीच. धारवाडच्या शुक्रवारपेठेत लहानपणी शेजाऱ्याच्या बागेत आंबे तोडायला गेल्या, तर चोरीपेक्षा गाणारणीची मुलगी आवारात शिरली याचाच त्या गृहस्थाला अधिक संताप आला. नाव झाल्यावर त्याच गृहस्थाने त्यांना घरी जेवायला बोलावले, हेही बाई सांगत.

पुढे घशाच्या उपचारानंतर आवाज खाली उतरला. तरुणपणच्या, 'गांधारी हुबळी' या नावाने निघालेल्या तबकड्या ऐका. तो उंच, कोवळा स्वर आणि नंतरचा भरदार खर्ज एकाच बाईचा, हे शपथेवर सांगितले तरी पटू नये. दुसरी एखादी हरवलेला गोडवा शोधीत बसली असती. यांनी १९४५ नंतर ठुमरी-भजने बाजूला ठेवली आणि निव्वळ ख्याल धरला. गुरूने हट्टी गळा वळवला; शिष्येने बदललेल्या गळ्याला शोभेल असे गाणे धरले. मला तरी दुसरे अधिक कठीण वाटते.

आमच्या आत्याबाईंनी रामभाऊंची सुभद्रा पाहिली होती. तिच्या लाजण्याचे वर्णन त्या डोळे भरून करीत. धारवाडचे रेडिओ केंद्र १९५० साली सुरू झाले, त्यानंतरची गोष्ट, गाणे चालू असता त्यांनी विचारले, "कोण रे हे बुवा?"

"बुवा नव्हेत आत्या, गंगूबाई. आपल्या हुबळीच्या."

"इश्श! बाईमाणसाचा असा आवाज असतो होय कुठे?"

मी म्हटले, "तुमची सुभद्रा तरी बाईमाणूस कुठे होती?" आत्याबाई रागावून माजघरात निघून गेल्या. पुरुषाला शालू नेसवून डोक्यावर घेणारे आपण. बाईचा स्वर खाली लागला की मान वळवून पाहणारेही आपणच. रंग उतरवल्यावर सुभद्रेचे पुन्हा रामभाऊ होत. बाईंना तो आवाज घरीदारी वागवावा लागे, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नव्हे.

पुढे कन्या कृष्णाबाई साथीला बसू लागल्या. मायलेकींच्या मैफलीला आलेला नवखा श्रोता हमखास तंबोऱ्यांच्या मागे कोणी पुरुष बसला आहे का, ते पाही. एक हात कानाशी नेऊन बाई विलंबित मांडीत. पाऊण तास झाला की तो नवखाही डोळे मिटून बसलेला दिसे.