आधी चिंचोके, मग पेन्सिल
आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. पाटीआधी मी त्यांना चिंचोके देते आणि समोरच बसते, म्हणजे तोंडात जात नाहीत. चिमटीत धरून बाटलीत टाकताना बोटांना बळ येतं; पुढे पेन्सिल नीट धरता येते. मध्येच विचारते, "हा मोठा की लहान?" उत्तराला वेळ लागतो. मी घाई करत नाही.

ही रीत नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही परिसरातल्याच वस्तू वापरून.

बोटांसोबत सगळं अंगही हलायला हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज तीन तास हालचाल हवी आणि मोबाइल-टीव्ही तासाभराहून जास्त नको.

आई-बाबांनो, घरीही लेकराला मटार सोलायला शेजारी बसवा, आणि त्याच्याशी बोलत राहा.