टेस्टिंग रूम : नाशिकच्या वाइनला ग्राहक देणारी खोली

मलकापूरहून मुंबईकडे निघालेली गाडी नाशिक रोडला पोचते, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातून बसलेले बरेच प्रवासी झोपेत असतात. उतरणारे उतरतात ते त्र्यंबकेश्वरासाठी, पंचवटीसाठी, नाहीतर पुढे वणीच्या सप्तशृंगीसाठी. गेल्या वीसेक वर्षांत या वाटेवर आणखी एक मुक्काम आला आहे. शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या परिसरात असलेली सुला विनयार्ड्स. तिथे वर्षाला तीन लाखांच्या घरात माणसं येतात. त्यांत मुंबई-पुण्याचे जास्त असले, तरी चिखली-खामगावहून पुण्याला नोकरीसाठी गेलेली आपली मुलं-मुलीही आता त्या गर्दीत असतात.

ही माणसं तिथे द्राक्षबाग बघतात, फोटो काढतात, जेवतात. पण या सगळ्या पसाऱ्याचं काळीज एका खोलीत आहे, आणि ती म्हणजे टेस्टिंग रूम. २००५ साली सुलाने ती सुरू केली, तेव्हा भारतात एखाद्या वाइनरीने पाहुण्यांना बोलावून, पेला हातात देऊन, समोर उभं राहून वाइन समजावून सांगण्याची अशी सोय नव्हती. आज देशांतर्गत वाइनच्या बाजारात निम्म्याहून अधिक वाटा या एका कंपनीचा आहे. त्यामागे बागा, टाक्या, भांडवल, वितरण असं पुष्कळ आहे. तरीही मला वाटतं, या यशाचा सर्वांत कमी मोजला गेलेला भाग ही खोली आहे.

सुलाचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले, तिथेच ओरॅकल कंपनीत नोकरी केली आणि नव्वदच्या दशकात परत आले. नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीत त्यांनी आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षं असे प्रयोग केले. मग कॅलिफोर्नियातले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांना सोबत घेऊन सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या वेली लावल्या. १९९९मध्ये वाइनरी उभी राहिली आणि २०००मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं.

वाइन तयार झाली, पण ती पिणारं होतं कोण? ज्या घरांत चार पिढ्यांत कोणी वाइन बघितलेली नाही, तिथे ती पोचवायची कशी? साबण, चहा, बिस्किटं यांचा मार्ग ठरलेला असतो : टीव्हीवर जाहिरात द्यायची आणि दुकानात माल ठेवायचा. मद्याला तो मार्ग बंद आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांनी मद्याच्या जाहिरातीला मज्जाव केलेला आहे. त्यात प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, परवाने वेगळे, लेबलची नोंदणीही वेगळी. व्हिस्की-रम बनवणाऱ्यांना याचा त्रास कमी, कारण त्यांचं गिऱ्हाईक आधीपासून तयार असतं. वाइनवाल्याला आधी चव घडवावी लागते, मग बाटली विकता येते. अशा वेळी ग्राहकालाच आपल्या दारात आणणं हा हातात उरलेला सर्वांत सरळ उपाय होता.

सामंत ज्या कॅलिफोर्नियात राहून आले, तिथे हे आधी घडलेलं होतं. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६मध्ये नापा खोऱ्यात ओकव्हिलला वाइनरी बांधली, ती पाहुणे येणार हे गृहीत धरूनच. फेरी, चाखणं, आणि १९६९पासून उन्हाळ्यात हिरवळीवर गाण्याचे कार्यक्रम. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशच्या तीन बागायतदारांनी १९७१मध्ये मिळून ‘वाइन रूट’ आखला. सुलाने टेस्टिंग रूमनंतर २००८मध्ये सुलाफेस्ट हा संगीतमहोत्सव सुरू केला आणि २०१०मध्ये बियाँड हे राहण्याचं ठिकाण काढलं. पाहुणा तासाभरासाठी येत होता, तो आता रात्र काढू लागला.

आत काय घडतं ते शेतकऱ्याच्या नजरेने बघण्यासारखं आहे. फेरी सुरू होते ती द्राक्षं उतरवतात त्या जागेपासून. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबरच्या आसपास असते, आपल्याकडे ती हिवाळ्याच्या शेवटी येते, कारण नाशिकचा बागायतदार वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पावसाच्या तडाख्यातून फळ वाचवण्याची ही युक्ती आहे. खाण्याच्या द्राक्षाची बाग ज्याने केली आहे, तो इथे थबकतो. निर्यातीसाठी मणी टपोरा हवा म्हणून तो जिवाचं रान करतो, आणि इथे मणी बारीक, साल जाड, आत बी, घड गच्च. वाइनला हेच हवं असतं, कारण चव आणि रंग सालीतून येतात आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. गोडीही जास्त लागते; ती ब्रिक्समध्ये मोजतात. खाण्याचं द्राक्ष अठराएक ब्रिक्सला तोडतात, वाइनचं बावीस-चोवीसपर्यंत जाऊ देतात. ती साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं.

पुढे पोलादी टाक्या लागतात. त्यांच्याभोवती गार पाणी किंवा द्रव फिरवण्याची सोय असते, कारण पांढरी वाइन बारा-पंधरा अंशांवर सावकाश आंबवली नाही, तर तिचा वास उडून जातो. महाराष्ट्राच्या उन्हात हे थंड ठेवणं हाच मोठा खर्च. या टप्प्यावर सांगितली जाणारी एक गोष्ट पाहुण्यांना हमखास चकित करते : काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक जातींत रंगहीन असतो. लाल वाइन लाल होते ती रस सालींसोबत आंबवल्यामुळे. साली लगेच वेगळ्या काढल्या, तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होऊ शकते. ओकच्या पिंपांची अंधारी, गार खोली त्यानंतर येते, आणि मग माणसं टेस्टिंग रूममध्ये शिरतात.

इथे पेल्यात ओततात ते अगदी थोडं, दोन-तीन घोटांपुरतं. पाच-सहा प्रकार क्रमाने येतात. आधी फसफसणारी, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड. पेला पोटाला न धरता दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. आधी हुंगायचं, मग घोट तोंडात घोळवायचा. नको असेल तर थुंकायला भांडं असतं, आणि त्यात थुंकणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

हे सारं ज्याला पहिल्यांदाच सांगितलं जातं, त्याच्या मनावरचं ओझं त्या अर्ध्या तासात उतरतं. पहिल्यांदा वाइनच्या वाटेला जाणाऱ्या मराठी माणसाला किमतीपेक्षा जास्त भीती असते ती चारचौघांत हसं होण्याची. नाव कसं उच्चारायचं, बाटली कशी उघडायची, बर्फ घालायचा का, मटणासोबत कुठली घ्यायची? हॉटेलात वेटरला विचारायची सोय नाही आणि दुकानात मागे रांग उभी. टेस्टिंग रूम ही अशी जागा आहे, जिथे काही माहीत नसणं हेच अपेक्षित असतं. जिथे आपल्याला कोणी अडाणी ठरवलं नाही, त्या जागेशी माणूस बांधला जातो. पुढे दुकानात दहा बाटल्या समोर आल्या की हात त्या ओळखीच्या लेबलकडे जातो, आणि सोबत चार मित्र असतील तर तोच त्यांना पेला दांडीला धरायला शिकवतो. असा एक माणूस जाहिरातीच्या कितीतरी फलकांना भारी पडतो.

म्हणून मला पेला ओतणाऱ्या मुलामुलींचं काम इमारतीपेक्षा मोठं वाटतं. पाठ केलेली कॅसेट वाजवणारा आणि समोरच्याचा चेहरा वाचणारा, या दोघांच्या हातून निघालेला पाहुणा सारखा नसतो. सोव्हिन्यों ब्लांचा वास सांगताना युरोपातल्या गूजबेरीचं नाव घेतलं, तर बुलढाण्याच्या माणसापुढे काहीच उभं राहत नाही. ‘ढोबळी मिरची नुकती चिरली आहे, शेजारी पेरू ठेवलाय’ असं म्हटलं की तो पुन्हा हुंगतो आणि त्याला ते सापडतं. हे नुसतं बोलण्यातलं कौशल्य नाही. ढोबळी मिरचीच्या वासाला कारणीभूत असलेली पायराझिन गटातली संयुगं त्या द्राक्षात खरोखरच असतात. शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये काळी मिरी सापडते तिचंही तसंच आहे. आपल्याच स्वयंपाकघरातला वास आपल्याच नाकाने ओळखण्याचा आनंद विकत मिळत नाही.

जेवणाचीही गोष्ट हीच. वऱ्हाडी ठेचा आणि झणझणीत रस्सा खाणाऱ्याला कोणी जड, तुरट लाल वाइन दिली, तर तिखट आणखी पेटतं, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही आग वाढवतात. तिथे थोडी गोडसर, गार शेनिन ब्लां चालते. एवढं एक वाक्य वेळेवर कळलं असतं, तर कितीतरी लोकांनी वाइन ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडून दिली नसती.

अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठातल्या नतालिया कोलेस्निकोवा आणि टिम डॉड यांनी टेक्सासच्या वाइनरींत येणाऱ्या पाहुण्यांचा अभ्यास केला. लहान गटात आलेल्यांना कृतज्ञता अधिक वाटते, आणि काहीतरी विकत घेतलं पाहिजे ही भावनाही त्यांच्यात अधिक असते, असं त्यांना आढळलं. मोठ्या गर्दीत ते पातळ होतं. सुट्टीच्या दिवशी झुंबड उडणाऱ्या कुठल्याही वाइनरीसाठी ही धोक्याची सूचना आहे. येणाऱ्यांचा आकडा वाढतो, पण ओतणारा आणि पिणारा यांच्यातलं चार वाक्यांचं बोलणं हरवलं, तर उरते ती फक्त सहल. याच कारणाने मला छोट्या वाइनरींबद्दल आस्था वाटते. इगतपुरीजवळ कावनईची व्हॅलोने, गंगापूरची सोमा. त्यांच्यासारखीच गंगापूरची यॉर्क मात्र २०२१मध्ये सुलाने विकत घेतली.

या खोलीची किंमत कळायला २००१ नंतरचा महाराष्ट्र आठवावा लागतो. त्या वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाइन पार्क उभे केले. वाइनरी भराभर निघाल्या, शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. मग जागतिक मंदी आली, २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर पर्यटन आणि हॉटेलं थंडावली आणि माल तुंबला. पुढच्या एक-दोन हंगामांत कित्येक वाइनरींनी द्राक्षं उचलली नाहीत आणि बागायतदारांनी उभ्या वेली उपटून टाकल्या. नारायणगावची शाटू इंडाज, जिने ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांच्या पुढाकाराने या धंद्याची वाट पाडली होती, तीही त्याच काळात कोलमडली. प्रत्येकाची कारणं वेगवेगळी होती, कर्जंही होती. पण धोरणाने टाक्यांना बळ दिलं आणि पिणारा घडवण्याचं काम कोणाच्याच यादीत नव्हतं, हे माझं ठाम मत आहे. सुला मात्र टिकली, आणि डिसेंबर २०२२मध्ये तिचे शेअर ३५७ रुपयांना बाजारात आले.  सुला ती मंदी पार करू शकली, त्यात दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा हात निश्चित होता.

आपल्या जिल्ह्यात दारूबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, आणि ते योग्यच आहे. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या बाया वऱ्हाडात गावोगाव आहेत. ‘बाटली आडवी’ करण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायांपुढे कुठल्याही उद्योगाचं कौतुक तोकडं आहे. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा झालेला विरोध मला समजतो. वाइनमध्येही अल्कोहोल असतंच. एवढं मात्र खरं की टेस्टिंग रूममध्ये मोजून दोन-तीन घोट देतात, खाणं सोबत असतं, बायका-पुरुष एकत्र बसलेले असतात आणि थुंकून टाकायला भांडं ठेवलेलं असतं. अंधारात, घाईघाईत, उपाशीपोटी पिण्याच्या अगदी उलट अशी ही रीत आहे.

वाइन बाजूला ठेवली, तरी जिथे माल बनतो तिथेच चव देण्याची ताकद बुलढाण्याला नवीन नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. गाडी थांबे तेवढ्या वेळात प्रवाशाच्या हाती गरम कचोरी आणि तळलेली मिरची पडे. तो नागपूरला गेला, मुंबईला गेला, आणि पुढच्या फेरीत शेगाव यायच्या आधीच दारात येऊन उभा राहिला. आज पुण्या-मुंबईत ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या लागतात त्या फलाटाच्या जोरावर. शेतीतही दाखवण्यासारखं आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातलं कडवंची पाणलोटाच्या कामातून द्राक्षांचं गाव झालं. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाच्या शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं पिकतं. लोणारचं सरोवर बघायला येणारा पर्यटक याच भागातून जातो, आणि त्याला गाडीतून उतरवून मळ्यात नेणारं, फळ कापून हातात देणारं फारसं कोणी भेटत नाही. वाइनरी काढायला कोट्यवधी लागतात, पण पाहुण्याला अर्धा तास देऊन आपलं पीक समजावून सांगायला तेवढे लागत नाहीत.

नाशिकला जायचं ठरवलंच, तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा, म्हणजे तोडणी आणि द्राक्षांची आवक डोळ्यांनी दिसेल. शनिवार-रविवार टाळा, सकाळची पहिली फेरी घ्या, चौघांहून जास्त जण नेऊ नका. पोटात काहीतरी घालून जा आणि गाडी चालवणाऱ्याने चाखू नये. एका मोठ्या वाइनरीसोबत एक लहानही बघा. ओतणाऱ्याला आपल्या घरच्या जेवणात काय असतं ते सांगा आणि त्याच्यासोबत काय चालेल ते विचारा. बाटली घेतलीत, तर बिलाची पावती जपा, आणि परतीच्या उन्हाळी प्रवासात ती तापलेल्या डिकीत किंवा खिडकीजवळ ठेवू नका. पांढरी वाइन उष्णतेने लवकर खराब होते.