जुना ड्रोन घेताना

बैलबाजारात गेलेला शेतकरी नुसत्या कातडीच्या तुकतुकीवर भुलत नाही. तो जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखाली बोटे धरून भावाचे बोलतो. श्रोतेहो, आज ज्या वस्तूविषयी मी सांगणार आहे ती बैलाइतकी जुनी नाही. पण ती दुसऱ्याच्या हातची घ्यायची तर हीच पारख लागते. ती वस्तू म्हणजे ड्रोन.

अंबड तालुक्यातले आपले अंकुशनगर घ्या. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीचे गाव; शिवारात ऊस, कपाशी, मोसंबी. इथल्या एखाद्या तरुणाला वाटते, वरून आपले शेत पाहावे, ऊस कुठे पिवळा पडला ते कळावे. एखाद्या गुरुजींना वाटते, मुलांना नकाशा म्हणजे काय ते आकाशातून दाखवावे. इच्छा चांगली आहे. पण नवे यंत्र परवडत नाही, आणि शहरातला कुणी ओळखीचा म्हणतो, "माझ्याकडे एक जुना पडून आहे, घेऊन टाका." आता असे पाहा, इथे घाई केली तर घामाचा पैसा पाण्यात जायला वेळ लागत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. याला चार पंखे असतात. दोन पंखे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट. चारही एकाच दिशेने फिरले असते तर यंत्राचे धडच भोवऱ्यासारखे गरगरले असते; दोन-दोन उलट फिरल्याने तो पीळ एकमेकांत जिरतो. पुढचे पंखे मंद व मागचे जलद केले की यंत्र पुढे झुकते आणि पुढे सरकते. हा तोल सेकंदाला शेकडो वेळा सावरण्याचे काम आतला छोटा संगणक करतो. हवेच्या दाबावरून तो उंची ओळखतो, होकायंत्रावरून दिशा आणि उपग्रहांच्या संकेतांवरून जागा. म्हणूनच चांगला ड्रोन हात सोडला तरी एका जागी थांबतो, आणि संपर्क तुटला तर उडाला तिथे परत येतो.

आता खरेदीकडे वळू. पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, वजनाचा. 2021 च्या ड्रोन नियमांत यंत्रांचे वर्ग वजनावर केले आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो, त्यापुढे 25 किलोपर्यंत लहान. नॅनो उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोही केवळ हौसेने उडवला तर लागत नाही. पण त्याच मायक्रोने लग्नाचे चित्रण करून पैसे घेतले की तो धंदा झाला, आणि प्रमाणपत्र आलेच. 2019 साली निघालेला माविक मिनी 249 ग्रॅमचा आहे; 2018 चा टेलो तर सुमारे 80 ग्रॅमचा. उलट 2015 चा फँटम 3 स्टँडर्ड सव्वा किलोच्या आसपास भरतो. तेव्हा शिकाऊ माणसाने हलक्याकडेच पाहावे. मात्र 249 ग्रॅमच्या यंत्राला वरून दिवा किंवा पंख्यांचे कुंपण चढवले, की वजन हद्द ओलांडते, हे ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न कागदांचा. 250 ग्रॅमच्या वर गेलात की नोंदणी क्रमांक हवाच, आणि विक्रीनंतर तो सरकारी पोर्टलवर नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा लागतो. मोटारसायकलचे पुस्तक नावावर करतो ना, तसेच. 30 नोव्हेंबर 2021 पर्यंत देशात आलेल्या किंवा बनलेल्या यंत्रांना नोंदणीसाठी थोडी मुदत दिली होती. त्या मुदतीत ज्याची नोंद झाली नाही आणि ज्याच्या नमुन्याला सरकारी प्रमाणपत्र नाही, असे जड यंत्र स्वस्तात मिळते ते उगाच नव्हे. ते उडवणे म्हणजे दंडाला आमंत्रण, आणि दंड 1 लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. शिवाय फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात बंद झाली. सुटे भाग आणता येतात, पण जुन्या नमुन्याचे भाग मिळतीलच असे नाही. पक्की पावती नसेल तर सौदा सोडून द्या.

तिसरी गोष्ट बॅटरी. ड्रोनचा जीव तिच्यात असतो, आणि म्हातारपण आधी तिथेच येते. बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. ती डगडगली, पोट फुगलेले दिसले, तर ती फुकटसुद्धा घेऊ नका; लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेते. ती भरल्यावर बहुतेक यंत्रांत प्रत्येक सेलमध्ये सुमारे 4.2 व्होल्ट दिसावेत, आणि सेलासेलांत फरक 0.1 व्होल्टच्या आत असावा. अनेक नमुन्यांत हे आकडे, आणि बॅटरी किती वेळा भरली गेली तेही, मोबाइलवर दिसते. विकणारा म्हणेल, "अर्धा तास उडतो." तोंडी हिशेब मानू नका. पूर्ण भरून, वारा नसताना, कमरेएवढ्या उंचीवर स्थिर ठेवून घड्याळ लावा. बारा मिनिटांतच खाली यायला लागला, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा.

चौथी गोष्ट पंखे आणि मोटारी. यंत्र बंद असताना प्रत्येक मोटार बोटाने हळूच फिरवा. खरखर जाणवली, की समजा माती गेली आहे किंवा आस वाकला आहे. पंख्याच्या कडेला चीर असेल तर तो बदलायचाच. हातांवर डिंकाचे डाग, स्क्रूंवर ओरखडे दिसले तर विचारा, "कुठे पडला होता?" आपल्याकडे उसात पडलेला ड्रोन दोन-दोन दिवस सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा दवाने भिजलेला असतो. असे यंत्र वरून पुसलेले असते, आतून गंजलेले असते.

पाचवी गोष्ट बरेचजण विसरतात. यंत्र ठीक, पण ते चालवणारे ॲप तुमच्या मोबाइलवर चालते का? जुन्या नमुन्यांची ॲप नव्या मोबाइलवर कित्येकदा उघडतच नाहीत. काही यंत्रे पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेली असतात; ती गाठ त्यानेच सोडावी लागते. तेव्हा पैसे देण्यापूर्वी, मालक समोर असताना, स्वतःच्या मोबाइलवर जोडून, स्वतःच्या डोळ्यांनी उडालेला पाहा.

फवारणीच्या जुन्या ड्रोनचा मोह नवख्याने धरू नये. तो लहान वर्गात मोडतो, प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही, आणि औषध शेजाऱ्याच्या पिकावर गेले तर भांडण दारात येते. शिकायचेच तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी रीतसर प्रशिक्षण मिळते.

आणि मंडळी, एक गोष्ट पैशाहून मोठी आहे. 2024 च्या जून-जुलैमध्ये बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन फिरताना दिसल्याच्या बातम्या झाल्या. चोर टेहळणी करतात अशी आवई उठली आणि गावेच्या गावे जागली. अशा मुलखात अंधारात कुणी हौशी पोराने न सांगता ड्रोन उडवला, तर लोक यंत्राला नव्हे, पोरालाच धरतील. आणि भ्यालेल्या जमावापुढे खुलासा चालत नाही. म्हणून उडवण्याआधी सरपंचांच्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. दिवसा उडवा, नजरेच्या टप्प्यात ठेवा, कुणाच्या अंगणावर, न्हाणीवर कॅमेरा नेऊ नका. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते. पण नकाशा त्या दिवशी पाहून घ्या, आणि पोलिसांचा तात्पुरता मनाईहुकूम नाही ना, तेही विचारा. विजेच्या तारांपासून, जत्रेपासून, जनावरांच्या गोठ्यापासून दूर राहा.

गुरुजींना एक सुचवतो. शाळेसाठी घ्यायचा तर सर्वांत हलका घ्या, पंख्यांना कुंपण असलेला. वजनाच्या काट्यावर मुलांसमोर तो तोला, बॅटरीचे व्होल्ट फळ्यावर लिहा, दर महिन्याला उडण्याची मिनिटे मोजून आलेख काढायला लावा. बॅटरी उन्हात ठेवू नका, चार्जिंगला लावून घरी जाऊ नका, सुटीत ती अर्धी भरून थंड जागी ठेवा.

थोडक्यात हिशेब असा मांडा: हाती असलेल्या रकमेतले निम्मेच यंत्राला द्या. उरलेल्यात एक चांगली बॅटरी, पंख्यांचे दोन जोड आणि पहिल्या पडझडीची दुरुस्ती धरा, कारण शिकताना ड्रोन पडतोच. एवढ्यात बसत नसेल तर थांबा. बाजार पुढच्या आठवड्यालाही भरतो.